छावणीतली थुंकीची डबी

आश्रुबांच्या नाकाला आमच्या गावात जेवढी इज्जत होती, तेवढी सरपंचाच्या शिक्क्यालाही नव्हती. दूध सोसायटीचे ते टेस्टर. कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचा. "घ्या", नाहीतर "न्या". "न्या" म्हटलं की चेअरमन रुद्रप्पांच्या घरचं दूधसुद्धा माघारी जायचं. लॅक्टोमीटर नंतर बुडायचा, आधी हे नाक. मी एकदा विचारलं, "भावजी, घरी छबुबाईनं केलेल्या कालवणालाही असंच नाक लावता का?" तर म्हणाले, "लावलं तर जेवायला कोण घालंल?"

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडल्या आणि अख्खं गाव जनावरं घेऊन धारूरच्या घाटाखाली चारा छावणीत आलं. छावणी सोसायटीनंच चालवायला घेतली होती. जनावरांना उसाचं वाडं आणि पेंड, माणसांना ताडपत्री आणि टँकरची वाट. आमचं पाल आश्रुबांच्या पालाला लागून. मध्ये भिंत म्हणून छबुबाईची एक जुनी साडी बांधलेली. मी लोकांच्या घरातलं ऐकते असा माझ्यावर आरोप आहे. ज्यांना ऐकू जाऊ नये असं वाटतं, त्यांनी भिंत साडीची का बांधावी?

मार्च उजाडला आणि आरोग्य खात्याच्या लक्षात आलं, की यंदा माणसं शोधत गावोगाव हिंडायची गरज नाही, सगळी एकाच माळावर बांधलेली आहेत. मग काय, महिनाभर आमचा आरोग्याचा जागर झाला. वैरणीच्या गंजीला फलक टांगला आणि एकेक दिवस साजरा होऊ लागला. महिला दिनाला आमची बोटं टोचली. सगळ्या बायांचं रक्त कमी निघालं आणि सगळ्यांना लाल गोळ्या मिळाल्या. किडनीच्या दिवशी एक साहेब आले, घाम पुसत म्हणाले, "भरपूर पाणी प्या. लघवी लाल झाली तर अंगावर काढू नका, किडनी जाते." टँकर दोन दिवस आला नव्हता. आमच्या गावचा म्हाळू हात वर करून म्हणाला, "साहेब, प्यायचं पाणी तुमी आणलंय का आमी आणायचं?" साहेबांनी आपली बाटली पिशवीत घातली. मग काचबिंदूचा सप्ताह झाला, मग दातांचा दिवस. त्या दिवशी मिसरी लावणाऱ्या आम्हा बायांना तोंडं उघडायला लावून असे फोटो दाखवले, की संध्याकाळी मिसरीच्या डब्या लपवायची एकच गर्दी झाली. टाकून कुणीच दिली नाही.

शेवटी राहिला क्षयाचा दिवस.

आमची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती, गंगासागर. बारीक अंगाची, मोठ्या आवाजाची. तिनं भोंग्यावरून सांगितलं, "ज्याला पंधरा दिवसांच्या वर खोकला हाय, त्यानं माझ्याकडून डबी घ्यायची. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, छातीतून खाकरून बेडका काढायचा. नुसती लाळ नको." छावणीत कोण खोकत नव्हतं? वाड्याचा धुरळा, शेणाचा धूर. पण डब्या घ्यायला चारच म्हातारे उठले. मग गंगासागर स्वतः पालापालांतून फिरली आणि आश्रुबांसमोर उभी राहिली.

"भावजी, संक्रांतीपासून ऐकते मी तुमचा खोकला."

"पेंडीचा धुरळा हाय ओ."

"धुरळा असंल तर डबीत दिसंलच की."

डबी हातात आली आणि आश्रुबांचा चेहरा माघारी पाठवलेल्या दुधासारखा झाला. त्याचं कारण सगळ्या छावणीला कळण्यासारखं होतं. टीबी निघाला, तर ज्या नाकानं गावाचं दूध पास व्हायचं ते नाक कॅनमध्ये कोण घालू देणार? टेस्टरच्या घरात टीबी म्हटल्यावर त्याच्या म्हशींचं दूधही कुणी मापात घेतलं नसतं. आणि दुष्काळात त्या दोन म्हशी सोडल्या तर त्यांच्याकडं चालतं काय होतं?

इथं आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला हवी. महिन्यातून एकदा तालुक्याच्या शीतकरण केंद्रातून बाटल्या यायच्या. प्रत्येकानं आपल्या म्हशीच्या दुधाचा नमुना घरून भरून द्यायचा, फॅट तिकडं बघायचे. आता वाडं खाऊन म्हशींचं दूध पातळ झालेलं. मग ज्याची म्हैस घट्ट दूध देते त्याच्या दारात बाटल्या घेऊन रांग. म्हाळूच्या एका म्हशीनं निम्म्या गावाचा नमुना पास केलेला आहे. सगळ्यांचे फॅट एकसारखे आले, तेव्हा आश्रुबांनी बाटल्या टेबलावर आपटून अख्ख्या रांगेची शोभा केली होती. "नमुना म्हंजे इमान! बाटलीत शेजाऱ्याचं भरायचं आन् मापात आपलं वतायचं, लाज वाटत न्हाई?" तेव्हापासून त्या रांगेतला बंकट त्यांना पाठीमागं 'इमानबुवा' म्हणायचा.

तर या इमानबुवांनी काय केलं, ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते उमजेल. सकाळी मी टँकरच्या रांगेत होते. त्यांनी डबी बायकोपुढं धरली.

"छबू, यात खाकरून थुंक."

"कावून?"

"महिला दिनाचं राह्यलंय म्हनं. सगळ्या बायांचं मागितलंय."

छबुबाई बिचारी म्हशीखालून उठली, हात पुसले, खाकरली आणि डबीत थुंकली. आश्रुबांनी झाकण लावलं आणि आपल्या नावानं गंगासागरला देऊन टाकलं. त्यांच्या डोक्यात एकच होतं. नमुना पास व्हायला पाहिजे. छबुबाई पहाटेपासून राबते, कधी आडवी पडत नाही, कधी कुरकुरत नाही. तिच्यापेक्षा चोख माल छावणीत कुठला?

चार-पाच दिवसांनी गंगासागर आली ती नेहमीसारखी ओरडत नाही, तर हळू. आश्रुबांना बाजूला घेतलं. साडीपलीकडं मी तांदूळ निवडत होते आणि खडे माझ्या हातातच राहिले.

"भावजी, निघाला. पण भिऊ नका. पुरती औषधं घेतली तर बरा होतो."

आश्रुबांनी दोनदा विचारलं, "नक्की का?" मला वाटलं, माणूस स्वतःच्या जिवाला भ्याला. आता कळतं, की त्या घटकेला त्यांना स्वतःचा जीव आठवलाही नसेल. डबीत जे होतं ते कुणाचं होतं, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

गंगासागर म्हणाली, "वैनीलाही तपासू. घरातल्यांना बघावं लागतं."

पलीकडून छबुबाईच ओरडली, "मला काय धाड भरलीय? ह्यांचं बघ तू आधी!"

झालं. छबुबाईला कळलं ते असं, की नवऱ्याला टीबी आहे. आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिची थोरली बहीण दिंद्रुडला दिलेली. तिला हाच रोग झाला, तर सासरच्यांनी गाडीत घालून माहेरी आणून सोडली आणि ती त्याच उन्हाळ्यात गेली. छबुबाईनं तिची उशाशी बसून सेवा केलेली. ती मला म्हणाली, "सुंदरबाई, तिच्या वक्ताला मी ल्हान होते. पर तो खोकला मला झोपंत ऐकू येतो."

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवऱ्याला सांभाळायला घेतलं. रुद्रप्पांच्या दुकानातून उधार अंडी आणली. ती उकडून त्यांच्यापुढं ठेवायची. ते अंडं तिच्याकडं सरकवायचे. ती परत सरकवायची. साडीपलीकडं रोज त्या अंड्याचा प्रवास चालायचा.

"तू खा."

"तुमी आजारी का मी?"

यावर आश्रुबा अंडं सोलत बसायचे. मी मनात म्हणायची, कसला भाग्याचा म्हातारा, अंड्यावर बायको भांडते. मी बाहेर जाऊन तशी नक्कलही करून दाखवली. बाया हसल्या. रोगाचं मात्र बोलले नाही, तेवढी जीभ मला आवरता येते.

गोळ्यांचा प्रकार असा होता. गंगासागर आश्रुबांच्या नावाचा खोका घेऊन एक दिवसाआड यायची आणि तिच्यासमोरच गोळ्या गिळायच्या, असा नियम. मूठभर गोळ्या. आश्रुबा तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, मान हलवायचे आणि चूळ भरायला म्हणून गव्हाणीमागं जायचे. तिथं गालात दडवलेल्या काढून धोतराच्या सोग्यात बांधायचे. मोठ्या गोळ्या गालात मावायच्या नाहीत, त्या नाइलाजानं गिळाव्या लागायच्या. उरलेल्या छबुबाईला गुळाच्या खड्यात. "रक्ताच्या हायेत. म्हैला दिनाच्या." तिनं महिला दिनाच्या लाल गोळ्या आधी खाल्लेल्याच होत्या, तिला शंका कशाची यावी? असा त्यांचा बेत. बायकोला कळू द्यायचं नाही, गावाला कळू द्यायचं नाही, आणि रोग चोरपावलांनी घालवून द्यायचा.

पण त्यांच्याकडं बघून माझं चित्त थाऱ्यावर राहिना. माणूस वाळत चालला. मापावर चित्त नाही. बंकटचं आंबलेलं दूध "घ्या" म्हणून घेतलं, तेव्हा बंकटच घाबरला आणि म्हणाला, "आश्रुबा, परत बघा की, हे नासलंय!" रात्रंदिवस ते छबुबाईकडं बघत असायचे. ती म्हशीखाली बसली की उठेपर्यंत बघायचे. उठताना तिनं खांब धरला की यांचा हात पुढं व्हायचा. मला वाटायचं, स्वतःच्या रोगानं इतका कुणी खंगतो का?

गंगासागरलाही काही तरी खुपलं. एकदा तिनं विचारलं, "भावजी, लघवी लाल होती का? या गोळीनं होतीच. भ्यायचं न्हाई."

"न्हाई बा. साधीच हाय."

गंगासागरनं खोक्यातल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. खोका बंद करून गेली, पण जाताना वळून परत बघितलं.

त्याच संध्याकाळी छबुबाई माझ्याकडं आली. सूर्य डोंगराआड गेला नव्हता, दुधाची वेळ झाली होती, आणि ती म्हैस न पिळता आली, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं.

"सुंदर, माझी म्हस आजच्या दिस तू पिळ."

"का गं? नवऱ्यानं अंडं खाल्लं न्हाई म्हणून रुसलीस?"

ती हसली नाही. माझ्या हाताला धरून पालामागं नेलं आणि कुजबुजली, "मला लाल जातंय. लई दिस झाले. किडनीवाल्या सायबानं सांगितलं तेच. किडनी गेली माझी."

मी तिला दगडावर बसवलं.

"भावजींना सांगितलंस?"

"त्यांना? त्यांचं त्यांना झालंय. आजून माझं कुठं सांगू? मी माहेरी जाते, भावाकडं. हितं दोन-दोन आजारी कशाला? त्यांच्या गोळ्यांचं तू बघ. गिळल्या का ते तोंड उघडायला लावून बघ." आणि बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडावर घट्ट दाबला आणि म्हशीच्या आडोशाला जाऊन, पाठ वळवून खोकली. सवयीनं. इतके दिवस साडीपलीकडून मी एकाचाच खोकला ऐकत होते.

तिनं गाठोडं उचललं आणि जीपची वाट बघत छावणीच्या फाटकाशी जाऊन बसली. मी उलट्या दिशेनं पळाले. पंचेचाळिशीची बाई अशी पळते म्हटल्यावर दूध संकलनाच्या रांगेनं कॅन खाली ठेवले.

"भावजी! छबुबाई निघाली. तिला लाल जातंय. किडनी गेली म्हणती!"

आश्रुबांच्या हातातलं माप कॅनमध्ये पडलं. दूध त्यांच्या तोंडावर उडालं, ते पुसायचंही भान नाही.

"किडनी न्हाई ती," ते म्हणाले. "गोळ्यांचं हाय ते."

"कसल्या गोळ्यांचं?"

ते फाटकाकडं पळाले. पळताना खोकत होते, पायात धोतर अडकत होतं. मागं मी, माझ्यामागं गंगासागर, आणि तिच्यामागं अख्खी रांग, कुणी रिकामी किटली घेऊन, कुणी भरलेली.

छबुबाई गाठोड्यावर बसलेली. एवढी माणसं बघून उठली.

"छबू, जाऊ नको. तुला काय बी झालं न्हाई. म्हंजे झालंय. पर किडनी न्हाई."

"आवं नीट बोला."

"त्या गोळ्या रक्ताच्या नव्हत्या. टीबीच्या हुत्या."

"तुमच्या गोळ्या मला चारल्या?"

"माझ्या न्हाईत गं. तुझ्याच." आश्रुबांनी एकदा रांगेकडं बघितलं. वाटलं, आता गिळतील शब्द. पण नाही गिळले. "त्या दिशी डबीत तू थुंकलीस. ती मी माझ्या नावानं दिली."

मग बंकटच्या तोंडून निसटलं, "म्हंजे टेस्टरनंच नमुना बदलला?" मागं कुणी तरी फिसकन हसलं. म्हाळूनं त्याला कोपरानं असं ढोसलं, की त्याच्या किटलीतलं दूध सांडलं.

छबुबाई खाली बसली. आधी तिला रोगाचं कळलं, तो धक्का तिच्या चेहऱ्यावर दिसला. बहिणीची आठवण आली असणार, कारण तिनं दिंद्रुडच्या रस्त्याकडं बघितलं. मग हळूहळू दुसरी गोष्ट उमगली आणि चेहरा पालटला.

"माझीच कावून घेतली? म्हाळूची घ्यायची, बंकटची घ्यायची."

"तू ठणठणीत वाटलीस."

"मी?" तिचा आवाज चढला. "संक्रांतीपासून खोकते मी. म्हशीमागं जाऊन खोकते. तुमची झोप मोडू न्हाई म्हून. दुधाचा वास तुमाला कोसावरून येतो, आन् बायको खोकली ते ऐकू येत न्हाई व्हय?"

आश्रुबांनी धोतराच्या सोग्यानं तोंडावरचं दूध पुसलं.

गंगासागर पुढं झाली. तिचा राग मी पहिल्यांदा बघितला. "तुमाला ठावं हाय का काय केलंय? मोठ्या गोळ्या तुमी माझ्यासमोर गिळल्या, निम्म्याच वैनीच्या पोटात गेल्या. अर्ध्या औषधानं रोग मरत न्हाई भावजी, निबर होतो. मग ह्याच गोळ्यांना दाद देत न्हाई."

"मग आता?"

"आता डॉक्टरच सांगतील. मला न्हाई सांगता येत."

हे 'न्हाई सांगता येत' ऐकल्यावर आश्रुबा मटकन खाली बसले, बायकोच्या गाठोड्याशेजारी. रुद्रप्पा चेअरमन गर्दीतून पुढं आले. त्यांना सोसायटीची फिकीर, आणि ती असणारच. "आश्रुबा, उद्यापासून मापावर दुसरा माणूस बसंल. तुमचा खरा रिपोर्ट येईस्तोवर. आन् उद्या माझ्या जीपमधी दोघं तालुक्याला जा." दोनच वाक्यं, पण पहिल्या वाक्यानं मान खाली गेलेली आश्रुबांची, दुसऱ्यानं वर आली.

सकाळी गंगासागरनं दोन डब्या आणल्या. छबुबाईनं आपली भरली, झाकण लावलं आणि दुसरी नवऱ्यापुढं धरली.

"आता तुमची. हितंच. माझ्यासमोर."

ते खाकरले, खाकरले, आणि बघणारी निम्मी छावणी त्यांच्याबरोबर खाकरली. मी सुद्धा.

नंतरचे दिवस मात्र वाईट होते. आमच्या पालाकडून जाणाऱ्या बाया लांबून वळसा घालू लागल्या. दोन-चार घरांनी दूध खाजगी डेअरीच्या टेम्पोला घातलं. नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणजे बोलत होते, पण माझ्या मार्फत, साडीवरून.

"सुंदर, त्यांना सांग, तोंडावर फडकं धरून खोकायचं."

"सुंदरबाई, तिला सांगा, अंडं खाल्लं का इचारलंय."

"सांग, खाल्लं."

मी एकदा म्हटलं, "मला या कामाचा पगार द्या बाई, नाहीतर साडी सोडा." साडी कुणीच सोडली नाही.

रिपोर्ट आले. आश्रुबांचा साफ. खरोखरच धुरळा. गंगासागरनं ते सांगितलं तेव्हा माणूस आनंदानं उडी मारील असं मला वाटलं. ते खांबाला टेकले आणि रडले. छबुबाईचा रोग कायम होता. अजून एक तपासणी पुण्याला पाठवली होती, औषधाला दाद देणार की नाही याची. ती येईस्तोवर कुणी नक्की बोलेना. आम्ही टँकरची वाट बघत होतो तशी त्या तपासणीची वाट बघत राहिलो, फक्त टँकर आला नाही तर शिव्या देता यायच्या.

ती आली तेव्हा गंगासागर फाटकापासूनच ओरडत आली. "लागू हाय! वैनी, साधीच औषधं लागू हायेत! पर पहिल्यापास्नं सुरू करायची, पुरती, एक बी चुकवायची न्हाई!"

नवा खोका आला. त्यावर ठळक अक्षरांत नाव होतं, छबुबाई आश्रुबा. छबुबाईला वाचता येत नाही, तरी तिनं त्यावरून बोट फिरवलं. गंगासागरनं गोळ्या तळहातावर ठेवल्या. आश्रुबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे.

"तिकडं तोंड करा," छबुबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी थेट त्यांना.

"कावून?"

"तुमी असं बघत राह्यला की घशाखाली उतरत न्हाई."

ते पाठमोरे झाले. तिनं एकेक करून सगळ्या गिळल्या, तोंड उघडून गंगासागरला दाखवलं. मग तिला खोकला आला. यावेळी ती कुठंच गेली नाही. बसल्या जागी, तोंडावर फडकं धरून, पोटभर खोकली.

आश्रुबा पाठमोरेच म्हणाले, "आलं ऐकू."

"मग तांब्या द्या की हिकडं," ती म्हणाली.